श्रेणीबद्ध विषमतेचे नवे नाव : 'पीपल मॅनेजमेंट'

भोसरीपासून चाकणपर्यंत कोणत्याही बऱ्यापैकी कंपनीत जा, आत शिरल्याबरोबर भिंतीवरच्या पाट्या दिसतात. 'आमचा कामगार हीच आमची संपत्ती.' 'एक टीम, एक कुटुंब.' 'सेफ्टी फर्स्ट.' वर्षातून एकदोनदा बाहेरून ट्रेनर येतो. सुपरवायझर, लाईन लीडर आणि एचआरची पोरे ट्रेनिंग हॉलमध्ये बसून माणसे कशी 'हँडल' करायची याचे धडे गिरवतात. हसून बोला. नावाने हाक मारा. कौतुक चारचौघांत करा, चूक एकट्यात सांगा. मग चहा-समोसा, ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट.

यातला एकही सल्ला वाईट नाही. पण या धड्यांत एक प्रश्न कधीच येत नाही : हे जे 'कुटुंब' म्हणता, त्यात कोण कोण मोडते? ठेकेदाराकडून आलेला, दर काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळणारा हिंगोलीचा पोरगा त्यात आहे का? संडास धुणारी बाई आहे का? ज्या पोराच्या हातात पगाराची स्लिपच पडत नाही, तो आहे का?

मित्रांनो, हा प्रश्न आता फक्त मालकाला विचारून भागणार नाही. त्या हॉलमध्ये आज आपलीही पोरे-पोरी बसलेली असतात. आयटीआय, डिप्लोमा, बीई, एमएसडब्ल्यू, एमबीए करून आपली एक पिढी लाईनच्या त्या बाजूला पोहोचली आहे. कुणाच्या हाताखाली तीस माणसे आहेत, कुणाच्या हाताखाली तीनशे. म्हणून माणसे कशी सांभाळायची हा प्रश्न आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे. तो ट्रेनरच्या स्लाईडवर सोडून देता येणार नाही.

विणकाम खात्यापासून असेंब्ली लाईनपर्यंत

जातीचे समर्थन करणारे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात, की जात म्हणजे कामाची वाटणी. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या दाव्याचे उत्तर एका वाक्यात दिले. जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची. कामगार व्यवस्थापनावरचे कोणतेही पुस्तक वाचण्याआधी प्रत्येक सुपरवायझरने एवढे समजून घेतले पाहिजे.

हे विधान त्यांनी हवेत केले नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त मजुरी विणकाम खात्यात होती आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धाग्याला तोंड लावावे लागे आणि मग तो धागा बाटला! ही बंदी एकट्या मालकाने घातलेली नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराला ती हवी होती, आणि लाल झेंड्याच्या युनियनने तिच्याकडे काणाडोळा केला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली गोष्ट उघडी केली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार?

म्हणजे कुणाला कोणते काम मिळणार, कोण कुठपर्यंत चढणार, कुणाचा हात कशाला लागलेला चालणार, हे कौशल्य ठरवत नव्हते. जात ठरवत होती. आणि कामगाराला कोणत्या कामावर लावायचे हे ठरवणे म्हणजेच तर व्यवस्थापन!

गेटच्या आतली उतरंड

आता आपल्या पट्ट्याकडे या. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी कंपनी, म्हणून तिथे आरक्षण होते. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आकुर्डी-पिंपरी-भोसरीत खासगी कारखाने आले. दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी इथे परमनंट नोकरीवर घर बांधले, पोरे शिकवली, वस्तीत विहार उभा केला. आज हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कशीबशी तग धरून आहे. खासगी कारखान्यांत आरक्षण कधीच नव्हते, आणि आता तिथली परमनंट नोकरीही आटली आहे.

तिच्या जागी काय आले? गेटच्या आतली उतरंड बघा. सगळ्यात वर परमनंट. त्याखाली मुदतीच्या करारावरचा. त्याखाली ठेकेदाराचा माणूस. त्याखाली ॲप्रेंटिस आणि ट्रेनी. आणि सगळ्यांच्या खाली हाऊसकीपिंग. एकाच लाईनवर दोघे तोच बोल्ट तेवढ्याच ताकदीने आवळतात, पण एकाचा पगार दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. कुठे युनिफॉर्मचा रंग वेगळा, कुठे बस वेगळी, कुठे कॅन्टीनची वेळ वेगळी. २०१३ मध्ये एआयसीटीईने 'नीम' नावाची योजना आणली. शिकण्याच्या नावाखाली हजारो पोरे थेट उत्पादनाच्या कामावर उभी राहिली, आणि कागदावर ती कामगारच नव्हती! पुढे 'नीम' बंद झाली. ट्रेनी मात्र उरला.

बाबासाहेबांनी याला नाव देऊन ठेवले आहे : श्रेणीबद्ध विषमता. साध्या विषमतेत खालचे सगळे एक होऊन वरच्याला जाब विचारू शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतो, म्हणून आपली पायरी जाईल या भीतीने कुणीच उठत नाही. परमनंट कामगार कंत्राट्याला आपला मानत नाही. कंत्राटी ट्रेनीला 'पोरगं' म्हणून उडवून लावतो. महाराष्ट्राचा बिहारच्याला 'भैया' म्हणतो. आणि हाऊसकीपिंगच्या बाईला सगळेच 'ए मावशी' म्हणतात. साहेबाला काठी उगारावीच लागत नाही, उतरंड आपोआप शिस्त लावते. या पट्ट्यातले सगळ्यात यशस्वी 'पीपल मॅनेजमेंट' हेच आहे, आणि ते कोणत्याही ट्रेनिंग हॉलमध्ये शिकवावे लागत नाही.

'कंपनीत जात नसते' म्हणे

इथे कुणीतरी हमखास म्हणेल, 'अहो, कंपनीत जात नसते. परफॉर्मन्स असतो.'

ठीक आहे, पुरावा बघू. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर प्रमुखांच्या मुलाखती छापल्या. हे सगळे गुणवत्तेचे गोडवे गाणारे लोक. पण उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राऊंड' विचारणे त्यांना अगदी योग्य वाटत होते. वडील काय करतात, घर कुठे, वळण कसे? गुणवत्ता उमेदवाराची मोजायची आणि प्रश्न बापाबद्दल विचारायचा!

आणि वर कोण बसले आहे? २०१२ मध्ये त्याच साप्ताहिकात देशातल्या एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास आला. नऊ हजारांवर संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के.

चाकणच्या व्हेंडर कंपनीत तर मुलाखतही होत नाही. तिथे माणूस ठेकेदार भरतो. ठेकेदार आपल्या गावचे, आपल्या भावकीचे, आपल्या ओळखीचे आधी भरतो. 'गाव कोणते?' झाले की 'आडनाव काय?' येतेच. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या आपल्या एका पोराला एका कंपनीत आडनाव कळल्यानंतर 'सध्या साफसफाईवर राहा, मग बघू' असे सांगितले गेले. 'मग' कधी आलेच नाही. आणि मशीन हातात न मिळालेल्या पोराचा परफॉर्मन्स मोजणार कशावर? ज्याला झाडूच दिला, त्याला 'स्किल नाही' म्हणायचे. यालाच मनूने कर्मफळ म्हटले होते. आता अप्रेझल म्हणतात.

मर्जी की नियम?

माझा मुद्दा एवढाच आहे. माणसे सांभाळण्याच्या दोन रीती आहेत. एक मर्जीची आणि एक नियमाची. मर्जीच्या रीतीत साहेब चांगला असेल तर रजा मिळते, वाईट असेल तर शिवी मिळते. दोन्ही वेळा कामगार याचकच राहतो. नियमाच्या रीतीत साहेब कसाही असो, कामगाराला काय मिळणार हे आधी लिहिलेले असते. पाटीलकीच्या गावात आपल्या बापजाद्यांनी मर्जी भरपूर पाहिली. बाबासाहेबांनी आयुष्यभर मर्जीच्या जागी नियम आणला. संविधान हा त्याचा कळस, पण पाया त्यांनी मजूरमंत्री असतानाच घातला होता.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा वेळ ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. स्थायी आदेशांचा कायदा एप्रिल १९४६ चा. या दुसऱ्या कायद्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही, पण व्यवस्थापनावरचा खरा धडा तोच आहे. शिफ्ट किती वाजता, रजा कशी, गैरवर्तन म्हणजे काय, कामावरून काढायचे तर चौकशी कशी, हे सगळे मालकाने लिहून प्रमाणित करून घ्यायचे आणि कामगाराला वाचता येईल असे लावायचे. साहेबाच्या मनात काय आहे ते ओळखत बसण्याची गरज नाही!

आता काय चालले आहे ते पाहा. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला रोजचा कामाचा वेळ ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि ओव्हरटाईमला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. संमती! उद्या ठेकेदाराने गेटपास काढून घेतला तर खोलीभाडे कुठून द्यायचे हे ज्याला माहीत नाही, त्याची संमती. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. स्थायी आदेश बंधनकारक असण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० कामगारांची होती, ती ३०० झाली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० झाली. आपल्या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम व्हेंडर कंपन्या कोणत्या बाजूला पडतील हे सांगायला सोशॉलॉजीची पदवी लागत नाही. नियम मागे सरकला की त्या जागेत मर्जी शिरते. म्हणून सरकार नियम सैल करत असतानाच कंपन्या हसून बोलण्याचे ट्रेनिंग देतात, हा योगायोग समजू नका.

आणि ज्यांच्यापर्यंत नियम पोहोचलाच नाही त्यांचे काय झाले? ८ डिसेंबर २०२३. तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा महिला जळून मेल्या, मृतांचा आकडा पुढे वाढत गेला. त्याआधी जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवड्याला केमिकल कंपनीच्या आगीत सतरा-अठरा कामगार गेले, त्यात बहुतेक महिला. या बायांना कुणी 'ॲसेट' म्हटले नव्हते. त्या 'पीपल'मध्येच धरलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे 'मॅनेजमेंट'ही नव्हते.

आणखी एक भीती घातली जाते, 'जास्त बोलाल तर कंपनी दुसऱ्या राज्यात जाईल.' तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेवटच्या वर्षांत तो परदेशी निर्यातीसाठी गाड्या बनवत होता. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, आणि २०२१ मध्ये चौदाशेच्या वर कामगारांना घरी बसवण्याची नोटीस निघाली. त्यांनी काय वाईट काम केले होते? कंपनी येते नफ्यासाठी आणि जाते नफ्यासाठी. तोंड बंद ठेवून नोकरी टिकते हा भ्रम तळेगावनेच फोडला आहे.

खालच्या दिशेला वंदन

आपल्याकडे व्यवस्थापनाचे शास्त्र नव्हते आणि ते अमेरिकेतून-जपानमधून आले, असे मानणाऱ्यांनी दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त वाचावे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करत असे. तथागतांनी त्याला विचारले आणि मग समजावले, की दिशा म्हणजे माणसे. आईवडील ही एक दिशा, गुरू ही एक, पत्नी ही एक. आणि खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली काम करणारे. तिलाही वंदन करायचे, म्हणजे पाच कर्तव्ये पाळायची. ताकद बघून काम द्यायचे. अन्न आणि वेतन द्यायचे. आजारपणात शुश्रूषा करायची. विशेष गोडधोड मिळाले तर वाटून खायचे. वेळेवर सुट्टी द्यायची.

हीच फूटपट्टी आजच्या शिफ्टला लावा. ताकद बघून काम, म्हणजे बारा तासांचे टार्गेट नाही. वेतन, म्हणजे सात तारखेला, स्लिपसकट. आजारपण, म्हणजे ईएसआयचा नंबर पहिल्या दिवशी, बोटे प्रेसखाली गेल्यानंतर नाही. सुट्टी, म्हणजे रजा मागितली म्हणून 'उद्यापासून येऊ नको' नाही. आणि गोडधोड वाटून खाणे? २०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोच्या कामगारांनी जूनअखेरपासून पन्नास दिवस काम बंद ठेवले. त्यांची एक मागणी होती, एक रुपया दराने प्रत्येकी ५०० शेअर. किती जणांना हसू आले होते! मोठ्या पगाराच्या साहेबाला कंपनी शेअर देते तेव्हा त्याला 'टॅलेंट टिकवणे' म्हणतात. हात काळे झालेल्याने तेच मागितले की त्याला माज म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांना यात हसण्यासारखे काही वाटले नव्हते.

संघातही हेच दिसते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. आधी उपालीची प्रव्रज्या झाली, राजपुत्रांची नंतर. संघात ज्येष्ठता जन्मावरून नाही, प्रवेशावरून ठरते. म्हणून राजपुत्रांना न्हाव्याला वंदन करावे लागले, आणि त्यांचा अहंकार उतरावा यासाठीच तो क्रम होता. आणि पुढे विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वात मोठा जाणकार कोण ठरला? तोच उपाली! याला म्हणतात माणूस घडवणे. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते ठिकाण या कारखान्यांपासून काही मैलांवर आहे. तिथे आपण दरवर्षी जातो. तिथला बुद्ध शिफ्टवर येताना गेटबाहेर ठेवायचा नसतो.

खुर्चीवर बसलेल्या आपल्या माणसाला

म्हणून सुपरवायझर झालेल्या, एचआरमध्ये बसलेल्या माझ्या बहिणभावांनो, खुर्ची मिळाली याचा अभिमान जरूर बाळगा. पण त्या खुर्चीत बसून तुम्ही जुनीच उतरंड चालवणार असाल तर पाटलाच्या वाड्यावरचा कारभारी आणि तुम्ही यांत फरक काय? 'मी काय करणार, वरून ऑर्डर आहे' हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात खूप काही तुमच्या हातात असते.

हाताखालच्या प्रत्येक कंत्राटी माणसाकडे नेमणुकीचा कागद, पगाराची स्लिप, पीएफ आणि ईएसआयचा नंबर आहे का, हे पहिल्या आठवड्यात तपासा. काम वाटताना साफसफाई, भट्टी, पेंट शॉप यांवर वर्षभर तीच ती आडनावे येत नाहीत ना, ते बघा, आणि कामे फिरती ठेवा. मशीनचे ट्रेनिंग कुणाला मिळते याची यादी भिंतीवर लावा. कॅन्टीन, पाणी, संडास, बस सगळ्यांना एकच ठेवण्याचा आग्रह लेखी धरा. हाऊसकीपिंगच्या बाईला तिचे नाव विचारा, आणि 'अहो' म्हणा.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक केली. मग जातीवरून होणाऱ्या अपमानाची तक्रार करायला कंपनीत जागा का नाही? ॲपल कंपनीने २०२० मध्ये आपल्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या धोरणात 'जात' हा शब्द स्पष्ट घातला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. जात जिथून निर्यात झाली त्या देशातल्या कंपन्या मात्र म्हणतात, 'आमच्याकडे असले काही नाही.' नसेल तर समिती नेमायला भीती कसली? तिच्यात कंत्राटी कामगाराचा प्रतिनिधी असावा, अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य असावा, आणि तक्रार केल्यावर गेटपास बंद होणार नाही याची लेखी हमी असावी.

लाईनवर उभ्या असलेल्या पोरांनाही एक सांगणे आहे. १४ एप्रिलला गेटवर मंडप पडतो, मॅनेजर हार घालतो, वर्गणी देतो, आपण त्याच्याबरोबर फोटो काढतो. १५ एप्रिलला त्याच गेटवर आपल्या पोराला ब्रेक मिळतो आणि आपण गप्प बसतो. अशी जयंती मॅनेजरला स्वस्तात पडते. युनियनमध्ये जा, पदे घ्या, आणि तिथे कंत्राटी कामगाराचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आणा. कंत्राट्याला सभासद करून न घेणाऱ्या युनियनला विणकाम खात्याची आठवण करून द्या. पण 'ती युनियन आपल्या लोकांची नाही' म्हणून बाहेरही बसू नका. ज्या कम्युनिस्टांवर बाबासाहेबांनी कडाडून टीका केली, त्यांच्याच बरोबर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबईत एक दिवसाचा संप केला. चूक तोंडावर सांगायची आणि कामगाराच्या हक्कासाठी रस्त्यावर बरोबर उतरायचे, ही आपली परंपरा आहे.

माणसे सांभाळायची असतील तर आधी त्यांना माणूस म्हणून मोजा, मग हक्क लिहून द्या, आणि तो हक्क मागणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा. एवढे झाले की ट्रेनरची गरज उरत नाही. आणि एवढे होणार नसेल, तर भिंतीवरची 'एक टीम, एक कुटुंब' ही पाटी उतरवून ठेवा. निदान खोटे तरी बोलू नका.

जय भीम!